संसारातील हिशेब : कोस, तास आणि 'विमानाने दीड तास'

मुलगी द्यावयाची असो किंवा सून आणावयाची असो, पूर्वी आपल्या घरांतून जे पहिले चारदोन प्रश्न विचारले जात, त्यांत 'गाव किती कोसांवर?' हा एक हटकून असे. कोस म्हणजे चालणाऱ्याच्या पायांचे माप. पुढे आगगाडी आली आणि कोस मागे पडून 'किती तासांचा प्रवास?' असे आपण विचारू लागलो. सांप्रत त्याही पुढची पायरी आली आहे. 'गावी विमानतळ झाला आहे. आता काय, विमानाने दीड तास!' हे वाक्य शहरात स्थायिक झालेल्या कुटुंबांतून वरचेवर ऐकू येते. ते ऐकून बोलणाराचे आणि ऐकणाराचे, दोघांचेही समाधान होते. परंतु या वाक्यावर विसंबून घरातील फार मोठे निर्णय घेतले जातात, म्हणून त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा, असे आम्हांस वाटते.

हा हिशेब मांडावयास मीरा-भाईंदरसारखे दुसरे ठिकाण सापडणे कठीण. साष्टीच्या उत्तर टोकाला, एका बाजूस वसईची खाडी आणि दुसऱ्या बाजूस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, अशा बेचक्यात वसलेले हे गाव १९८५ मध्ये नगरपरिषद झाले आणि २००२ मध्ये महानगरपालिका. मुंबईत जागा पुरेनाशी झाली तशी कोकणातील, देशावरील आणि विदर्भातीलही कितीतरी कुटुंबे येथे येऊन राहिली. कुलदैवत एका जिल्ह्यात, मुलीचे सासर दुसऱ्या जिल्ह्यात आणि चूल भाईंदरात, असे हे संसार आहेत.

अंतर म्हणजे काय, हे या गावाला कोणी निराळे शिकवावयास नको. समोर वसई दिसते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्या मोहिमेत भाईंदरच्या बाजूचे धारावीचे ठाणे महत्त्वाचे ठरले, ते खाडीच्या तोंडावरच्या त्याच्या जागेमुळे. पाण्यावरून पाहू गेल्यास दोन्ही काठांत साडेतीन किलोमीटरांच्या आसपास अंतर. तेच गाडीने जावयाचे तर घोडबंदरकडून महामार्गाचा वळसा घालून सुमारे ३५ किलोमीटर पडत. २०२४ च्या फेब्रुवारीत माणसे व वाहने दोन्ही नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि हा वळसा पाव तासावर आला. तथापि, बोट डोळ्यांदेखत सुटली तर काठावर पुढच्या फेरीची वाट पाहणे आलेच! पाव तासाच्या प्रवासाला अशा वेळी सव्वा तासही लागू शकतो. एवढा एक धडा ज्याच्या ध्यानात राहिला, त्याला विमानाचे गणित उलगडण्यास अडचण पडू नये.

प्रथम आकाशातील अंतर. शाळेतील नकाशावही घरात असली तर हे काम मुलांकडून सहज करवून घेता येते. आमच्या राज्यातील दोन दूरच्या टोकांचे दोन विमानतळ घेऊ : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील परुळे-चिपी येथील एक, आणि गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथील दुसरा. चिपी साधारण १६ अंश अक्षांशावर व साडेत्र्याहत्तर अंश रेखांशावर आहे. बिरसी साधारण साडेएकवीस अक्षांशावर व सव्वाऐंशी रेखांशावर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा उत्तरेकडचा भाग साडेपाच अंशांचा, म्हणजे सुमारे ६१० किलोमीटर झाला. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून जसजसे उत्तरेस जावे तसतसा आखूड होतो. आपल्या पट्ट्यात तो सुमारे १०५ किलोमीटरांचा धरावा. पावणेसात अंशांचे सुमारे ७१० किलोमीटर झाले. आता भुजा व कोटी हाती आल्या. कर्ण काढण्याचा नियम, ज्या घरांत कधी काळी लीलावती शिकवली गेली त्या घरांस सांगावयास नको. उत्तर येते ९३५ ते ९४० किलोमीटर.

याच रेखांशांवरून आणखी एक मौजेची गोष्ट निघते. रेखांशाच्या एका अंशास चार मिनिटे, या पंचांगातील देशांतराच्या हिशेबाने गोंद्याचा मध्यान्ह परुळ्याच्या मध्यान्हाच्या आधी सुमारे २७ मिनिटे होतो. दोन्ही घरांतील घड्याळे एकच वेळ दाखवितात खरी, पण परुळ्याचे आजोबा अजून पूजेला बसलेले असतात तेव्हा गोंद्याच्या नातवंडांच्या डोक्यावर ऊन आलेले असते.

लांबच्या पल्ल्यास हा भुजकोटिकर्णाचा साधा हिशेब पुरत नाही, कारण पृथ्वी गोल आहे. मुंबईहून न्यूयॉर्कचे सर्वांत जवळचे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ही वाट सपाट नकाशावरील सरळ रेषेने न जाता युरोपच्या उत्तर भागावरून वाकून जाते. गोलावर दोरा ताणून पाहिला की ही गोष्ट लहान मुलाच्याही ध्यानात येईल. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी हाही अनुभव घेतला असेल की, जाताना सुमारे सोळा तास लागतात आणि येताना त्याहून तासदीड तास कमी. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेस वाहणारा वारा येताना पाठीशी असतो, जाताना समोरून येतो, एवढेच त्याचे कारण.

आता अंतरावरून वेळ काढू. मोठे जेट विमान ताशी ८०० किलोमीटरांच्या आसपास जाते. लहान विमानतळांवर येणारे पंख्याचे एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास. परंतु नुसता भागाकार करून चालत नाही. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, वर चढणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे, रांगेत घिरट्या घालणे यांसाठी अर्धा तास मिळवावा. या नियमाने चिपी ते बिरसी हे अंतर एटीआर विमानाने सव्वादोन ते अडीच तासांचे होईल आणि जेटने पावणेदोन तासांचे. मुंबई ते चिपी हे हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर. आमच्या नियमाने सव्वा तास येतो. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा विमानतळ सुरू होऊन मुंबईचे विमान तेथे जाऊ लागले, तेव्हा वेळापत्रकात जवळजवळ दीड तास दिलेला होता. म्हणजे 'दीड तास' हे वाक्य खोटे नाही. ते अपुरे आहे.

जितके अंतर लहान तितका जमिनीवरचा वेळ डोईजड होतो. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये विमान नियमाने जाते. ते अंतर पावणेतीन किलोमीटर, म्हणजे भाईंदर-वसईच्या बोटीहूनही कमी, आणि उड्डाण अवघे दोन मिनिटांचे! जगातील सर्वांत लहान नियमित विमानफेरी म्हणून तिची ख्याती आहे. पण त्या बेटांवरील माणसालाही विमानाच्या वेळेवर धावपट्टीपाशी हजर राहावेच लागते.

विमानाचा वेग त्याच्या यंत्रात जितका असतो तितकाच जमिनीवरील व्यवस्थेतही असतो, ही गोष्ट आपल्या देशात पहिल्या दिवसापासून दिसून आली आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून टपालाची थैली घेऊन कराचीहून एकट्याने उड्डाण केले. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघून, वाटेत अहमदाबादेस थांबून, दुपारी दोनच्या आत ते जुहूस उतरले. सुमारे १०३० किलोमीटर अंतर सव्वासात तासांत कापले गेले. थांबण्यासह सरासरी ताशी १४० किलोमीटरांच्या थोडी वर पडते. अहमदाबादेस त्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे तेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी मद्रासकडे नेले; पण रात्री उडण्याची सोय नसल्यामुळे त्यांना बल्लारीस मुक्काम करावा लागला. विमान कितीही वेगवान असले तरी बैलगाडीची वाट पाहणे आणि रात्रीचा मुक्काम हे दोन्ही प्रवासाच्या वेळेत धरावेच लागतात.

आता आपल्या घरचा हिशेब. समजा, भाईंदरात राहणाऱ्या एका कुटुंबाचे मूळ घर परुळ्यास आहे आणि तेथे वृद्ध आईवडील राहतात. मुंबईचे चिपीस जाणारे विमान चालू होते त्या काळातील गोष्ट घेऊ. भाईंदरहून मुंबई विमानतळ सरळ रेषेत २३ किलोमीटरांच्या आसपास. रस्त्याने वाहनांच्या गर्दीतून दीड तास धरावा. विमानतळावर सामान देणे, तपासणी वगैरे कामांसाठी दोन तास आधी पोहोचावे लागते. विमानाचा दीड तास. उतरून सामान हाती पडून घर गाठावयास पाऊण तास. एकूण पावणेसहा तास झाले. २०२५ च्या अखेरीस नवी मुंबईचा विमानतळ वाहतुकीस खुला झाला. एखादे विमान तेथून सुटत असेल, तर भाईंदरहून सरळ रेषेतच ४० किलोमीटरांच्या आसपास अंतर आहे. वाटेतील डोंगर आणि खाड्या पाहता पहिला आकडा आणखी वाढेल. दीड तासाचे गाव येणेप्रमाणे सहा-सात तासांवर जाते. तरीही आगगाडीपेक्षा कमीच, असे कोणी म्हणेल. आणि ते खरे आहे.

परंतु याहून मोठा आकडा अद्याप मांडावयाचा राहिला आहे. ते विमान दिवसातून एकच वेळ, दुपार होण्यापूर्वी, मुंबईहून सुटे. आता असे समजा की, परुळ्याहून शेजाऱ्यांचा दूरध्वनी दुपारी तीन वाजता आला : 'नानांची प्रकृती बरी नाही, निघून या.' त्या दिवशीचे विमान गेलेले. विमानानेच जावयाचे म्हटले तर दुसऱ्या दिवशी दुपारी एकनंतर नानांच्या उशाशी पोहोचणे होईल; निरोपापासून मोजले तर बावीस तासांच्या वर. याच्या उलट, त्याच रात्री अकराच्या सुमारास मुंबईहून सुटणारी कोकणकन्या गाडी ठाण्यास किंवा पनवेलीस पकडली, तर सकाळी कुडाळ येते आणि पाऊणएक तासात परुळे. म्हणजे विमानाचा प्रवासी भाईंदरच्या घरातून निघण्याच्या सुमारास आगगाडीचा प्रवासी वडिलांना औषध पाजीत असेल! निरोप पहाटे पाचला आला असता तर अर्थात विमानच श्रेष्ठ ठरले असते. प्रवासाचा काळ सुटण्याच्या घंटेपासून मोजावयाचा नसतो. तो निरोप कानी पडल्याच्या क्षणापासून मोजावयाचा असतो. ज्या वाहनाची दिवसातून एक फेरी, त्याची वाट सरासरीने बारा तास पाहावी लागते, हे साधे गणित आहे. आठवड्यातून दोनतीन फेऱ्या असल्या तर हा आकडा एका दिवसाच्याही पलीकडे जातो.

शिवाय लहान विमानतळावर रात्री उतरण्याची सोय असतेच असे नाही, आणि कोकणातील आषाढ-श्रावणात ढग खाली आले की विमान आल्या वाटेने परत फिरते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे फेरीचे आयुष्य. लहान गावांस विमाने जावी म्हणून सरकारने २०१६ मध्ये 'उडान' योजना काढली. तीत सुमारे एका तासाच्या उड्डाणास अडीच हजार रुपये भाडे ठरले. २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली विमाने सुटली, त्यांत आपल्या नांदेडचीही एक फेरी होती. तोटा भरून काढण्यासाठी विमानकंपन्यांस मिळणारे साहाय्य साधारण तीन वर्षांचे असते. ते संपल्यावर प्रवासी पुरेसे नसतील तर फेरी थांबते. मुंबई-चिपी ही फेरी २०२१ मध्ये सुरू झाली आणि तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, थांबली. धावपट्टी तेथेच आहे, अंतर तेवढेच आहे; पण त्या दिवसापासून 'विमानाने दीड तास' या वाक्यातील विमानच निघून गेले. अशा स्थानकांच्या फेऱ्या हंगामागणिक बदलतात. म्हणून कोणत्याही वर्षीचे वेळापत्रक पाहून बांधलेला बेत पुढील वर्षी पुन्हा तपासावा.

दोन दूरची विमानतळे परस्परांस जोडलेली असणे तर आणखी दुर्मिळ. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. तेथे वैमानिकांना शिक्षण देणारी संस्था निघाली आणि तिची विमाने गावावर घिरट्या घालू लागली. परंतु त्यांतून गोंद्याच्या सुनेला माहेरी जाता येत नाही. चिपी-बिरसी ९४० किलोमीटरांची वाट नकाशावरच राहते. प्रत्यक्षात परुळ्याहून मुंबई, मुंबईहून नागपूर आणि नागपूरहून आगगाडीने गोंदिया, असा साडेअकराशे किलोमीटरांवरचा त्रिकोण करावा लागतो. आणि सर्व फेऱ्या जुळल्या तरी पुरता दिवस मोडतो.

या बाबतीत आगगाडीचे एक उदाहरण देण्याजोगे आहे. कोल्हापूरहून गोंद्यास जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस एकाच राज्याच्या हद्दीत सुमारे १३५० किलोमीटर धावते. पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, नागपूर असा वळसा घालीत ती सव्वा दिवस घेते. या दोन गावांतील हवाई अंतर अवघे ८३० किलोमीटरांच्या आसपास आहे. पाचशे किलोमीटर अधिक फिरवणारी ही गाडी विमानापुढे कासवच म्हणावयाची. पण ती रोज सुटते, वाटेतील प्रत्येक मोठ्या गावचा माणूस तीत चढतो, आणि म्हातारीला सोबतीस कोणी नसले तरी डब्यात शेजारीण मिळते. दूरच्या सासरी गेलेल्या मुलींची कितीतरी माहेरपणे अशा गाड्यांनीच शक्य केली आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वडिलांना शहरात आणावयाचे की गावी ठेवावयाचे, त्यांच्या सोबतीस कोणी ठेवावयाचे की नाही, गावातील डॉक्टरांशी संबंध जोडून ठेवावयाचा की नाही, असे प्रश्न एकत्र कुटुंबाच्या बैठकीत निघतात, तेव्हा कोणीतरी म्हणतो, 'एवढी काळजी कशाला? काही झाले तर विमानाने दीड तासात पोहोचू.' आणि बैठक उठते. सोबतीचा विषय तेथेच संपतो. यात कोणाचे मन वाईट नसते. आकडा तेवढा चुकीचा धरलेला असतो. पण त्या आकड्याची किंमत मोजावी लागते ती परुळ्याच्या माजघरात एकट्या बसलेल्या सासूबाईंना. दीड तासाच्या भरवशावर ज्या घराने सोबतीची व्यवस्था केली नाही, त्या घराला बावीस तासांचा अनुभव येतो तेव्हा तो दुरुस्त करावयास अवसर उरलेला नसतो.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक घराने एक लहानशी वही करावी. ज्या ज्या गावी आपली जिवाची माणसे आहेत त्या प्रत्येक गावासाठी एक पान. त्यावर विमानाचे अंतर लिहू नये. निरोप सकाळी आला तर केव्हा पोहोचू, दुपारी आला तर केव्हा, आणि रात्री आला तर केव्हा, असे तीन आकडे लिहावेत. पावसाळ्याचा चौथा आकडा निराळा लिहावा. रात्रीच्या गाडीचे तिकीट आयत्या वेळी न मिळाल्यास कोणती मोटार, कोणता घाट, हेही लिहावे. वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी गावी जाण्याचा बेत ठरतो तेव्हा, ती वही उघडून आकडे तपासावेत. घरातील शाळकरी मुलांकडे हे काम सोपविल्यास त्यांचा भूगोल आणि गणित दोन्ही पक्के होतील आणि आजीचे गाव कोणत्या अक्षांशावर आहे हेही त्यांस कळेल.

त्या पानावरील सर्वांत मोठा आकडा जो असेल, तितके तास आपल्या वडीलधाऱ्या माणसांजवळ आपल्यावाचून कोण असेल, हे त्याच पानाच्या तळाशी नावानिशी लिहावे. शेजारचे काका असोत, गावातील भाचा असो, पगारी सोबतीण असो. पण नाव असावे आणि त्या माणसाला ते ठाऊक असावे. तेथे नाव लिहिता आले नाही, तर बैठक पुन्हा बसवावी.